आउटबॅकची रंगीत तालीम, मुक्काम डोनेगल

ऑस्ट्रेलियाला मी अजून गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे कुणी म्हणेल, फसवलं. पण तिथल्या मधल्या ओसाड भागात, ज्याला आउटबॅक म्हणतात, एका पेट्रोल पंपापासून दुसरा किती लांब आहे, कुठल्या पंपावर संडास आहे, त्याला कमोड आहे की नाही, हे सगळं मला तोंडपाठ आहे. कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि हल्ली मला झोप तशीही कमीच लागते.

ज्या प्रवासाबद्दल लिहितोय तो झाला आयर्लंडमध्ये, दोन दिवसांचा, २०२१च्या उन्हाळ्यात. गाडीत आम्ही दोघंच होतो, मी आणि माझी बाहत्तर वर्षांची आई.

क्लोनडॉकिन

आई फेब्रुवारी २०२०मध्ये आमच्याकडे डब्लिनला, क्लोनडॉकिन या उपनगरात, आली ती तीन महिन्यांसाठी. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावाहून निघताना बॅगेत तूरडाळ, ज्वारीचं पीठ आणि परतीचं तिकीट. इथे महिनाभर राहायचं, मग माझ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला माझ्या धाकट्या भावाकडे, नितीनकडे जायचं, आणि तिथूनच घरी, असा बेत होता. नितीन तिकडे पश्चिमेला एका लोखंडाच्या खाणीत मेकॅनिक आहे. आईने त्याला चार वर्षं पाहिलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही त्याला पोचता आलं नाही. फोनवर तो "जेवलो" म्हणतो, आणि आईचा त्यावर काडीचा विश्वास नाही.

"तो कोनत्या भांड्यात शिजवते ते पायचं हाय मले," ती म्हणायची. "बाकी काई नाई पायचं."

पण भांडी पाहायला जायचं तर मधे अख्खं आउटबॅक. नितीनच्या गावाला विमान जातं ते कंपनीचं, कामगारांना नेणारं. आपल्यासारख्यांनी शहरात उतरायचं आणि तिथून तीन दिवस गाडी हाणायची. मग मार्च आला आणि सगळंच बंद झालं. ऑस्ट्रेलिया बंद, भारत बंद, आम्हाला तर घरापासून आधी दोन आणि मग पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी. आईचा इथला मुक्काम सरकारनेच वेळोवेळी वाढवून दिला. तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं.

त्या दीड वर्षात मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून आउटबॅकचा प्लॅन केला. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. काय काय बिघडू शकतं याचा विचार करायचा मला पगार मिळतो, आणि घरी मी तेच फुकट करतो. एक्सेलची शीट वाढत गेली. पाणी माणशी किती, दुसरं स्टेपनी टायर कुठे ठेवायचं, इन्सुलिन थंड कसं ठेवायचं, फोनला रेंज नसेल तर काय, संध्याकाळी कांगारू आडवे आले तर काय. पाच किलोमीटरच्या आत दूध आणायला जाणारा माणूस हजारो किलोमीटरच्या काळज्या करत होता. काळजीला कुणी बंदी घातली नव्हती.

"एवढं कायले लिवून रायला?" आई भाजी निवडता निवडता विचारायची. "तिथं मानसं नाईत का इचारायले?"

"नाहीत, आई. तेच तर."

"मंग नितीन कोनाशी बोलते?"

याचं उत्तर माझ्या शीटमध्ये नव्हतं.

मे महिन्यात इथली जिल्हाबंदी उठली. ऑस्ट्रेलिया बंदच होता, पण कधीतरी उघडेल म्हणून मी आईचा व्हिसाचा फॉर्म भरायला घेतला, आणि तेव्हा माझी बायको वैशाली मधे पडली. वैशाली ड्रोहेडाच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, गेल्या वर्षभरात तिने जे पाहिलं ते ती घरी सांगत नाही. ती मूळची पुण्याची, बोलणं मोजकं.

"आईंना डायबेटिस आहे, गुडघे गेलेत, पायांना सूज येते," ती म्हणाली. "तीन दिवस गाडीत बसवणार आहेस, जिथे जवळ हॉस्पिटल नाही. आधी इथे दोन दिवस बसवून दाखव. सगळं तिकडच्यासारखं कर. तेवढ्याच तासांनी थांबायचं, तेवढंच सामान. मग मी सांगते जायचं की नाही."

म्हणजे परीक्षाच. आई शेजारी लसूण सोलत होती. तिने वर पाहिलं नाही, पण हात थांबले होते.

पहिला दिवस: लेटरकेनीकडे

तालमीसाठी मी डोनेगल निवडलं, कारण आयर्लंडमध्ये त्याहून ओसाड मला काही सापडलं नाही. लेटरकेनीला वैशालीचा नागपूरच्या मेडिकल कॉलेजातला वर्गमित्र समीर डॉक्टर आहे, त्याच्याकडे मुक्काम.

आता इथे एक मेख आहे, ती सांगायला हवी. डब्लिनहून लेटरकेनीचा सरळ रस्ता नॉर्दर्न आयर्लंडमधून जातो. नॉर्दर्न आयर्लंड म्हणजे ब्रिटन. मधे फाटक नाही, चौकी नाही, पाटीसुद्धा नीट नाही. इथले लोक तिकडे स्वस्त किराणा आणायला जातात. पण आईकडे व्हिसा फक्त आयर्लंडचा. तिने त्या बाजूला पाऊल टाकलं तर कायद्याने ते चुकीचं. आणि ऑस्ट्रेलियाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे: तुम्ही कुठल्याही देशात व्हिसाच्या अटी कधी मोडल्या आहेत का? तो वाचून मी फॉर्म तसाच बंद करून ठेवला. एक चुकीचं वळण, आणि आई नितीनला परत कधी भेटेल कोण जाणे. म्हणून मी स्लायगोवरून लांबचा रस्ता धरला, तीन तासांऐवजी साडेपाच तासांचा.

निघताना आईने माझ्या हातावर दही-साखर ठेवली. स्वतः घेतली नाही. डिकीत वीस लिटर पाण्याचे दोन कॅन, दोन स्टेपन्या, दोर, फावडं, फर्स्ट एडची पेटी, टॉर्च. बाहेर धो धो पाऊस. शेजारचे आजोबा कुंपणापाशी छत्री घेऊन उभे होते.

"कुठे निघालात?"

"डोनेगलला."

त्यांनी डिकीतल्या पाण्याकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं. "तिकडे पाणी आहे बरं का," ते म्हणाले.

वाटेत मी दर दोन तासांनी गाडी थांबवायचो आणि शीटच्या छापील कागदावर नोंद करायचो. लाँगफर्ड: आई उतरली नाही, गरज नाही म्हणाली. स्लायगो: उतरली नाही. बुंडोरनला समुद्राच्या काठी मी चहा आणला, तिने दोन घोट घेतले आणि कप माझ्याकडे दिला. "पाय ठीक?" "ठीक." "पाणी?" "पेली." मी लिहीत गेलो, ठीक, ठीक, ठीक. मला वाटलं, बाहत्तराव्या वर्षी काय दम आहे बाईचा. टेस्टरला सगळं ठीक दिसलं की संशय यायला हवा, हे मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवतो.

समीरने खिचडी केली होती. एकटा राहतो, गेल्या दीड वर्षात घरी कुणी पाहुणा आला नव्हता, त्यामुळे आईला पाहून त्याला काय करू नि काय नको झालं. "इथे ज्याच्याकडे गाडी नाही त्याला पायच नाहीत, काकू," तो तिला सांगत होता. मी त्याला सीमेचं विचारलं.

"अरे, कुणी बघत नाही," तो म्हणाला. "रस्त्यावरच्या पाट्यांवर किलोमीटरचे मैल झाले की समजायचं, आलो. मी स्वतः दोनदा चुकलोय. पण काकूंना घेऊन तू जाऊ नकोस, तुझं हार्ट बंद पडेल."

सगळे हसले. मी रात्री परत एकदा नकाशा पाहून घेतला.

दुसरा दिवस: दलदलीचा रस्ता

सकाळी आईने समीरच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो), भाजणी शोधून काढली आणि थालीपिठं लावली. आम्ही दोघांनी हादडली. आईने इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं, ते ती स्वतःच घेते, आणि म्हणाली, "मी खाल्लं मघाशी, तुमी आंघोळीले गेल्ते तवा."

आजचा दिवस खरा महत्त्वाचा. शीटप्रमाणे तासभर असा रस्ता हवा होता जिथे दुकान नाही, घर नाही, फोनला रेंज नाही. डोनेगल टाऊनच्या पुढे तसा एक मी हेरून ठेवला होता, जो फिरून परत हायवेला लागतो. सीमेच्या जवळ, पण सीमेच्या आत. मी तिथे नकाशावर लाल रेघ मारून ठेवली होती.

दोन्ही बाजूंना बॉग, म्हणजे दलदलीचं माळरान. तांबूस, काळं, मधे मधे पाण्याची डबकी. झाड नाही. जमिनीतून मातीच्या लाद्या कापून वाळत घातलेल्या, थंडीत जाळायला.

"गोवऱ्या थापल्या काय यायनं?" आई म्हणाली. "एवढ्या पावसात वायतीन कशा?"

"जाळायची मातीच आहे ती, आई."

"मातीच जाळतेत? बाप्पा." ती बराच वेळ त्या रचलेल्या लाद्यांकडे पाहत होती. मग गप्प झाली. मला वाटलं, डुलकी लागली.

पुढे रस्ता खोदलेला होता. डांबराचा ट्रक आडवा, आणि एक पिवळी पाटी, बाण डावीकडे. मी डावीकडे वळलो. रेंज गेली होतीच. फोन हातात घेतला आणि नकाशा उघडला, तर स्क्रीन कोरा करकरीत. एक निळा ठिपका, खाली राखाडी रंग. बोटाने मागे-पुढे केलं, लांब नेलं, आणि मग एकदम सगळं दिसायला लागलं. पेट्रोल पंप, संडास, कोरड्या नद्या, सगळं. पश्चिम ऑस्ट्रेलिया.

मला आठवलं. हिवाळ्यात फोनमध्ये जागा नव्हती, आउटबॅकचे ऑफलाइन नकाशे मावत नव्हते, म्हणून मी आयर्लंड पुसलं होतं. पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या माणसाला आयर्लंडचा नकाशा कशाला, असा विचार मी केला होता. माझी लाल रेघ दिसायची ती रेंज असली तरच. कागदाचा नकाशा? होता ना, डॅशबोर्डच्या कप्प्यात. तोही तिकडचाच. सगळं तिकडच्यासारखं, असं वैशाली म्हणाली होती आणि मी शब्दाला जागलो होतो.

मागे वळायला जागा नव्हती, एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला बॉग. मी पुढे जात राहिलो. पंधरा मिनिटांनी घरं दिसली, चर्च दिसलं, एक छोटासा पूल ओलांडला. गाव आलं म्हणून जिवात जीव आला.

"तिकडं पाय," आई मागून म्हणाली. आवाज जड होता. "डाकेचा डबा. आपल्यासारखा लाल."

मी पाहिला. भिंतीतला पोस्टाचा डबा, लालभडक. आई खूश झाली होती, कारण गावी आमच्या शाळेपाशी तसाच आहे. मी नऊ वर्षं आयर्लंडमध्ये राहतोय. आयर्लंडमध्ये पोस्टाचे डबे हिरवे असतात.

तेवढ्यात फोन वाजला. रेंज आली होती, आणि मेसेज होता, युनायटेड किंगडममध्ये आपलं स्वागत आहे.

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. व्हिसाचा मामला आहे.

मी करकचून ब्रेक दाबला. आपण त्या बाजूला आहोत. आईला घेऊन त्या बाजूला आहोत. कुठे कॅमेरा आहे का, मेसेज कुणाला कळतो का, हजार विचार. पूल मागे दोनशे पावलांवर, गाडी वळवली की झालं. मी मान मागे करून गाडी रिव्हर्सला टाकली, आणि आईचा चेहरा दिसला. कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे, नजर माझ्यावर पण जरा बाजूला.

"नितीन," ती मला म्हणाली. "आलं का रे तुयं गाव?"

डॉक्टरचा नवरा आहे मी. शुगर उतरलीय हे मला लगेच कळलं. ग्लुकोजची पाकिटं होती, पण फर्स्ट एडच्या पेटीत, ती पेटी डिकीत, पाण्याच्या कॅनखाली, दोन टायरांच्या मागे. समोर एक दुकान उघडं होतं. पुलापलीकडे मागे दुकान दिसलं नव्हतं.

खरं सांगतो, मी थांबलो. फार नाही, दोन श्वास असतील. दोनशे पावलं मागे जाऊन मग डिकी उघडावी का, असा विचार माझ्या डोक्यात आला. आई मागे घामाने भिजलीय आणि मी देश मोजतोय. त्या दोन श्वासांची मला अजून लाज वाटते.

मग मी दार उघडून दुकानात पळालो, मास्कसुद्धा न लावता. काउंटरमागे साठीची एक बाई होती. "माझी आई, डायबेटिस, साखर," एवढंच माझ्या तोंडून निघालं. तिने एक शब्द विचारला नाही. मागच्या रॅकवरून संत्र्याच्या सोड्याची बाटली काढली, झाकण फिरवत माझ्या आधी बाहेर आली, मागचं दार उघडून आईच्या शेजारी बसली आणि तिची मान धरून तिला घोट घोट पाजायला लागली. "गुड गर्ल," ती आईला म्हणत होती. "अजून थोडं. यू आर ग्रँड."

मी तोवर बोट टोचून शुगर पाहिली. आकडा इथे लिहीत नाही, वैशाली हे वाचणार आहे.

दहा मिनिटांनी आईच्या तोंडावर रंग आला. तिने त्या बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे बाई कोन हाय?"

"दुकानवाल्या आहेत."

"कुठं आलो आपन?"

मी त्या बाईला विचारलं. "हे कुठलं?"

तिने गावाचं नाव सांगितलं.

"म्हणजे... देश कुठला?"

ती हसली. "ते तू कुणाला विचारतोस त्यावर आहे, लव्ह."

तिने आतून खुर्ची आणली, साखर घातलेला चहा आणला, लोणी लावलेला पाव आणला. आईने मुकाट्याने सगळं खाल्लं. मी सारखा पुलाकडे पाहत होतो, कुणी पोलीस येतो का. बाईच्या ते लक्षात आलं. मी काय ते सांगून टाकलं, व्हिसा, नकाशा, ऑस्ट्रेलिया. तिने मान हलवली. पुलापलीकडे ते पिवळं दार दिसतं ना, ते माझ्या बहिणीचं, ती म्हणाली. नियम कडक होते तेव्हा ती तिच्या बाजूने पुलाच्या मध्यापर्यंत यायची, मी माझ्या बाजूने. तशाच उभ्या राहून बोलायचो, पाऊस असला तरी.

मी हे आईला मराठीत सांगितलं. आईने कप खाली ठेवला, त्या बाईचा हात हातात घेतला आणि वऱ्हाडीत म्हणाली, "बहीन नजरेसमोर होती ना. लय झालं." त्या बाईला शब्द कळले नाहीत, पण तिने हात सोडवून घेतला नाही.

निघताना तिने मला पूल ओलांडून पुढे उजवीकडे वळायला सांगितलं आणि बजावलं, तुझा तो फोन बघू नकोस. पूल ओलांडला, हिरवा डबा दिसला, तेव्हा मी गाडी बाजूला घेतली. आई पर्समध्ये रुमाल शोधत होती. पर्समधून फॉइलची पुडी निघाली. त्यात दोन थालीपिठं, अख्खी.

"खाल्लं नव्हतंस तू?"

तिने पुडी परत मिटायला घेतली.

"इन्सुलिन घेतलंस आणि खाल्लं नाहीस? आई, काऊन?"

"खाल्लं-पेलं का संडासले थांबा लागते," ती म्हणाली. "काल बी नाई पेली मी पानी. तू त्या कागदात लिवतं ना समदं. मी दहा खेपा उतरली असती तं वैशालीनं नापास केलं असतं मले. मंग नितीन कसा दिसन?"

दोन दिवस मी ठीक, ठीक लिहीत होतो आणि बाई मागे बसून तहानेने, भुकेने माझी शीट हिरवी, म्हणजे पास, करत होती. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडलो. आईने मागून माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आता कायले रडून रायला? वाचली ना मी." थोड्या वेळाने म्हणाली, "वैशालीले सांगू नोको."

"नाही सांगत. आपण पूल ओलांडला, ते तूही सांगू नको."

"नाई सांगत."

मग तिने ती गार थालीपिठं खाल्ली, एक मला दिलं. घरी पोचेपर्यंत मी सात वेळा गाडी थांबवली. प्रत्येक वेळी ती उतरली.

परत

घरी वैशालीने दोघांकडे पाहिलं. "काय, कसं झालं?"

"ग्रँड," मी म्हणालो, म्हणजे इथल्या बोलीत "ठीक".

ती शीट वाचायला लागली. आई शेजारी बसून पदराशी चाळा करत होती. वैशाली दुसऱ्या दिवसाच्या ओळींवर आली तेव्हा आईने शीटच्या कागदावर हात ठेवला.

"ते नोको वाचू, खोटं हाय," ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं. पाणी, थालीपिठं, सोडा, लाल डबा, सगळं. मधे मी "आई" म्हणालो, तर मलाच गप्प केलं. "एक खोटं बोलली तं काय झालं पायलं ना तू. आता अजून कायले?"

वैशालीने शीट बाजूला ठेवली. मग उठून आईच्या पायाशी बसली, तिचे मोजे काढले, घोट्यांवर बोट दाबून पाहिलं. खड्डा पडला. "आई, तुम्ही दहा वेळा उतरला असतात तरी मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मला फक्त एवढंच बघायचं होतं, की तुम्ही सांगता की नाही. त्रास झाला तर सांगता की नाही."

"मंग नापास का मी?"

"नापास." वैशालीने मोजे परत चढवले. "पण एटीकेटी देते. एक विषय राहिलाय तुमचा. वेळेवर खायचं, प्यायचं, आणि लाज न बाळगता थांब म्हणायचं. तेवढा सोडवा, मग जा."

आमच्या इंजिनिअरिंगच्या काळात एटीकेटीने कित्येकांची वर्षं वाचली. आईला मी अर्थ सांगितला, तर ती म्हणाली, "मंग चांगली हाय की."

त्या आठवड्यात मी फॉर्म परत उघडला. तो प्रश्न आला. तुम्ही कुठल्याही देशात व्हिसाच्या अटी कधी मोडल्या आहेत का? माझं बोट "नाही"वर होतं. मेसेज माझ्या फोनला आला होता, आईच्या नाही. साक्षीदार एक दुकानवाली. कुणाला कळणार होतं?

"काय इचारते तो?" आई मागे उभी होती. मी वाचून दाखवलं.

"हो लिव."

"आई, यामुळे व्हिसा नाकारला तर? नितीन..."

"लेकाच्या घरी खोटं बोलून जाऊ का मी? लिव. अर्धा घंटा लाल डब्याच्या गावात बसलती, च्या पेली, एका बाईनं जीव वाचवला. समदं लिव."

मी "हो" केलं. खाली खुलाशाची चौकट होती. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा नकाशा घेऊन आयर्लंडमध्ये रस्ता चुकल्याचं मी जमेल तेवढ्या गंभीर इंग्रजीत लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. तिकडचं दारही अजून उघडलेलं नाही. मी दिवसातून चार वेळा मेल बघतो.

आई बघत नाही. ती अभ्यास करते. रोज सकाळी न्याहारी झाली की चपला घालून बाहेर येते, दारात उभ्या असलेल्या आमच्या गाडीत मागे बसते, पट्टा लावते. शेजारी डबा, पाण्याची बाटली, मांडीवर वैशालीने गजर लावून दिलेला फोन. गजर झाला की डबा उघडते. तास-दीड तासाने काच खाली करून मला खिडकीतून हाक मारते, "मंगेश, थांब. संडासले जायचं हाय." मी आतून "थांबलो" म्हणतो. ती उतरते, घरात जाऊन येते, परत बसते, पट्टा लावते. शेजारच्या आजोबांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, आता हात करतात.

परवा ती तशीच बसली असताना नितीनचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ झाली होती, मागे लाल माती दिसत होती. मी खिडकीपाशी उभा होतो, मला दोघांचं ऐकू आलं.

"आई, गाडीत? कुठे निघालीस?"

"तुयाकडं," आई म्हणाली. "रस्त्यातच हाय, येऊन रायली हळूहळू. तू भांडी घासून ठेव."